लोकल, ऑफ, रिमोट

विजेच्या पॅनेलच्या दारावर एक काळा खटका असतो. चिमटीत धरून फिरवायचा, साधारण अंगठ्याएवढा. त्याला तीन जागा असतात: एका बाजूला 'लोकल', मधे 'ऑफ', दुसऱ्या बाजूला 'रिमोट'. खटका 'रिमोट'वर असेल तर त्या पॅनेलवरची मोटार, पंखा किंवा जनरेटर लांबून कुणीतरी चालवतं. ते कुणीतरी तळमजल्यावरच्या कंट्रोल रूममध्ये असेल, नाहीतर दुबईच्या विमानतळावर फोन हातात घेऊन बसलेलं असेल. 'लोकल'वर फिरवला की लांबच्याचा हुकूम तिथे चालत नाही. पॅनेलसमोर उभ्या माणसाने हिरवं बटण दाबलं तरच मोटार फिरते. हा खटका बाजारात काहीशे रुपयांना मिळतो. लाखांच्या कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळही नसते.

इमारतींमधली विजेची उपकरणं लांबून चालवता यावीत अशी सोय करून देणं हा माझा धंदा आहे. बँकांच्या शाखा, आयटी कंपन्यांचे मजले, मॉल, मंगल कार्यालयं, हॉटेलं, सगळं करून झालंय. एसी किती वाजता सुरू व्हायचे, पार्किंगमधले दिवे कधी विझायचे, टाकी भरली की पंप कधी थांबायचा, हे आम्ही बसवून देतो आणि त्याची किल्ली मालकाच्या फोनमध्ये ठेवतो. एकोणीस वर्षांत या कामात पैशांवरून भांडणं झाली, मुदतीवरून झाली. तत्त्वावरून म्हणावं असं एकच झालं. ते गेल्या वर्षी भंडारदऱ्यात, आणि या खटक्यावरून.

हॉटेल मोठं नव्हतं. तीसेक खोल्या, जेवणघर, जलाशयाकडे तोंड केलेली गच्ची, मागे उतारावर पंपघर आणि जनरेटरची शेड. मालक मुंबईत. त्यांची तक्रार खरी होती. शनिवार-रविवार हॉटेल भरलेलं, मंगळवारी एकही पाहुणा नाही. तरी रिकाम्या खोल्यांचे गीझर तापतायत, बागेतले दिवे सकाळी दहापर्यंत जळतायत, डिझेलचा हिशेब काही केल्या जुळत नाही. व्यावसायिक दराने येणारं विजेचं बिल घरच्या बिलासारखं नसतं. ते पगाराच्या रकमेशी स्पर्धा करतं. "मला तिथे कुणावर अवलंबून राहायचं नाहीये," ते फोनवर म्हणाले. "पॅनेलला कुलूप लावा. लोकल नकोच. सगळं इथून चालवू."

'कुणावर' म्हणजे मामांवर. हॉटेलचं विजेचं सगळं मामा बघायचे. मामा हे त्यांचं नाव नव्हे, पण शेंडीपासून रतनवाडीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागलो. घाटघरच्या प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं तेव्हा ते एका ठेकेदाराकडे केबल ओढायला लागले आणि तिथेच बघून बघून पॅनेल वाचायला शिकले. सर्टिफिकेट नाही, हात मात्र तयार. मोटार तापली आहे का बघताना ते तळहात लावत नाहीत, हाताची मागची बाजू लावतात. शॉक बसला तर मूठ आवळते. तळहात लावलेला असेल तर माणूस त्या वस्तूला धरूनच राहतो. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या हाताखालच्या पोरांना मी आता तसंच करायला लावतो.

लांबून चालवणं म्हणजे नेमकं काय, हे आधी सांगायला हवं, कारण बहुतेक मालकांची त्याबद्दलची कल्पना टीव्हीच्या रिमोटवरून आलेली असते. बटण दाबलं, झालं. प्रत्यक्षात तो दोन निरोपांचा व्यवहार आहे. एक जाणारा, हुकूम. एक येणारा, जबाब. फोनवरचं बटण हिरवं झालं म्हणजे हुकूम गेला, एवढंच. पंप फिरला की नाही हे कळायला दुसरी तार लागते. कॉन्टॅक्टर ओढला गेला तर त्याच्या बाजूचा लहान संपर्क बंद होतो आणि तसं कळवतो. पण कॉन्टॅक्टर ओढला गेला तरी मोटार जळालेली असू शकते, म्हणून केबलभोवती एक कडी घालून तिच्यातून किती करंट जातोय ते मोजायचं. करंट जात असला तरी विहिरीत पाणी नसेल, म्हणून पाइपात पाणी वाहतंय का ते बघणारा आणखी एक खटका. स्वस्तातल्या कामात यातलं काहीच नसतं. मालक मुंबईत हिरवं बटण बघून निर्धास्त झोपतो आणि इकडे पंप कोरडा फिरून मरतो.

या धंद्याची सुरुवात कशी झाली ते मला फार आवडतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. थंडीच्या दिवसांत शाळेचा शिपाई वर्गावर्गात येऊन किती गार आहे ते बघायचा आणि मग तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा खालीवर करायचा. दर थोड्या वेळाने दार उघडायचं, शिकवणं तुटायचं. जॉन्सननी वर्गातलं तापमान ओळखणारं विजेवरचं एक यंत्र केलं आणि 1883 साली त्याचं पेटंट घेतलं. थंडी वाढली की तळघरात घंटा वाजायची. बस्स, घंटाच. झडप शिपायानेच हलवायची. पुढे याच जॉन्सनची कंपनी जगभरातल्या इमारती चालवायला लागली, झडपाही आपोआप हलू लागल्या. पण पहिल्या यंत्राने शिपायाला हटवलं नव्हतं. त्याची फेरी वाचवली होती, निर्णय त्याच्याकडे ठेवून.

मामांचं पंपघर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एप्रिल होता. काम करता करता आम्ही पायऱ्यांवर बसायचो. समोर जलाशय खाली गेलेला, काठावर तांबडी माती उघडी पडलेली. मालक सगळं मुंबईतून चालवणार हे मामांच्या कानावर आलं होतं. त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. "आमच्याकडं काय, सगळं लांबूनच चालतं," ते म्हणाले. "धरण आमच्या दारात, चावी दुसऱ्याच्या घरात."

भंडारदऱ्याबद्दल हे अक्षरशः खरं आहे. या धरणाचं काम 1910 साली सुरू झालं आणि 1926 साली मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. म्हणून ते विल्सन धरण. उंची बयाऐंशी मीटर, पोटात अकरा टीएमसी पाणी. ते प्रवरेतून खाली जातं आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांतून संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांना मिळतं. आवर्तन कधी सोडायचं, किती दिवस चालवायचं, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला किती द्यायचं हा वाद तर मंत्रालयापासून उच्च न्यायालयापर्यंत जातो. काठावरच्या महादेव कोळी वाड्यांमधल्या बायका मात्र मे महिन्यात हंडा घेऊन उतार उतरतात.

आणि वर घाटघर. नकाशात पाहिलं तर भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या टोकाला, सह्याद्रीच्या अगदी काठावर. तिथे 250 मेगावॅटचं उदंचन जलविद्युत केंद्र आहे. वरच्या तळ्यातलं पाणी भुयारातून सुमारे चारशे मीटर खाली कोकणच्या बाजूला, शहापूर तालुक्यातल्या खालच्या तळ्यात सोडायचं आणि वीज करायची; राज्यात विजेची मागणी कमी असेल तेव्हा तीच यंत्रं उलटी फिरवून तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. कधी सोडायचं आणि कधी चढवायचं याचा घाटघर गावाशी काही संबंध नाही. मुंबई-पुण्याचे एसी, कारखाने, रेल्वे यांची मागणी किती हे बघून ते ठरतं, आणि त्या साऱ्या जुळवाजुळवीचं केंद्र नवी मुंबईत ऐरोलीला आहे. मी पुण्यातल्या एखाद्या ऑफिसात दुपारी साडेतीनला अर्धे एसी दहा मिनिटं बंद ठेवायची सोय करून देतो तेव्हा त्या मागणीतला एक कण मीही हलवत असतो. मामा ज्या भुयारात केबल ओढायला शिकले, तिथपर्यंत तो कण पोचतो.

ही तक्रार म्हणून सांगत नाही. धरणाचं पाणी काठावरच्या चार गावांनीच ठरवून वापरावं असं कुणी म्हणणार नाही. मोठी यंत्रणा लांबूनच चालते. पण भंडारदऱ्यात पावसाळ्यात विसर्ग वाढवायचा असतो तेव्हा आधी नदीकाठच्या गावांना इशारा जातो: पात्रात उतरू नका, मोटारी काढून घ्या, जनावरं बांधा. आणि दरवाज्यापाशी माणूस असतो. आमच्या कामातही हीच रीत आहे, नीट केलेल्या कामात तरी. लांबून सुरू होणाऱ्या मोठ्या मोटारीला आधी भोंगा असतो. तो काही सेकंद वाजतो, मगच मोटार फिरते. जवळ कुणी असेल तर त्याला बाजूला व्हायला तेवढा अवधी. लांबच्याला दिसत नाही, म्हणून जवळच्याला सांगावं लागतं.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे सगळं आमच्यापेक्षा आधीपासून ठाऊक आहे. शेतीच्या फीडरला वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला वीज आली की थंडीत, साप-बिबट्याच्या भीतीत विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबायचा. त्यावर गावोगावच्या वायरमननी काढलेला तोडगा म्हणजे ऑटो स्विच. वीज आली की पंप आपोआप सुरू. एका शेतकऱ्यासाठी तो वरदानच. पण एका रोहित्रावरच्या साऱ्या शेतकऱ्यांनी तो बसवला की वीज येताक्षणी सगळे पंप एकदम उठतात आणि रोहित्र जळतं. महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलंय की ऑटो स्विच काढा. ऑटो स्विच आंधळा असतो. शेजाऱ्याचा पंप उठलाय का, ते त्याला कळत नाही.

पुण्याच्या संतोष ओस्तवाल या अभियंत्यांनी दुसरी वाट काढली. मोबाइल फोनवरून पंपाचा स्टार्टर चालवणारं 'नॅनो गणेश' त्यांनी बनवलं आणि 2009 साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. रात्री विहिरीवर चालत जाणारा शेतकरी ही त्यामागची प्रेरणा. घरून फोन करायचा, तिकडे वीज आहे का ते कळतं, मग पंप सुरू करायचा. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पंप चालवणारा आणि विहिरीचा मालक एकच माणूस आहे. स्वतःच्या विहिरीवर सध्या कुणी उतरलंय का, हे त्याला घरी बसूनही माहीत असतं. व्यावसायिक इमारतीत तसं नसतं. तिथे बटण एकाच्या हातात असतं आणि हात दुसऱ्याचा आत असतो.

हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. फार वर्षांपूर्वी, मी या धंद्यात नवा असताना, माझ्याबरोबरचा एक मुलगा पुण्याजवळच्या एका इमारतीत गच्चीवर एसीच्या मोठ्या पंख्याचा पट्टा बदलत होता. पंखा बंद होता. बंद दिसत होता, एवढंच खरं. त्या पंख्याच्या पॅनेलवर लोकल-रिमोटचा खटका नव्हता, खर्च वाचवायला मूळ आराखड्यातून काढलेला. तळघरातल्या कंट्रोल रूममध्ये कुणाच्या तरी पडद्यावर चौथ्या मजल्याचं तापमान वाढलेलं दिसलं. त्याने पंखा सुरू केला. त्याने काही चुकीचं केलं असं म्हणता येत नाही; त्याच्या पडद्यावर पंखा होता, माणूस नव्हता. मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो आता त्याच्या गावी किराण्याचं दुकान चालवतो. दिवाळीला फोन करतो, आणि अजून स्वतःहून त्या दिवसाचा विषय काढत नाही.

अशा गोष्टी होऊ नयेत म्हणून जगभर एक साधी पद्धत आहे. यंत्रात हात घालण्याआधी त्याचा पुरवठा तोडायचा, तोडलेल्या खटक्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि वर चिठ्ठी अडकवायची: माणूस काम करतोय, सुरू करू नका. अमेरिकेत 1989 साली याचा कायदेशीर नियम झाला. आपल्याकडे लाइनमन खांबावर चढण्याआधी सबस्टेशनकडून 'परमिट' घेतो ते याच जातीचं. पण कुलूप लावायला आधी जागा लागते. खटकाच नसेल तर कुलूप कशाला लावणार?

आग विझवायच्या पंपाची रीत तर मला फार शहाणी वाटते. पाइपातला दाब घसरला की मुख्य पंप आपोआप सुरू होतो. तिथे माणसाची वाट बघायला वेळ नसतो. बंद मात्र तो आपोआप होत नाही. पंपघरात जाऊन हातानेच बंद करायचा. आग विझली, हे यंत्राने परस्पर ठरवायचं नाही; कुणीतरी जाऊन बघितलं पाहिजे. कुठल्या गोष्टी लांबून कराव्यात आणि कुठल्या करू नयेत, याचा इतका स्वच्छ विचार ज्यांनी केला असेल त्यांनी बहुधा आग पाहिली होती.

हे सगळं मी मालकांना सांगितलं. ते शांतपणे ऐकणारे गृहस्थ आहेत. त्यांचा मुद्दा साधा होता. "तुम्ही अपघाताचं सांगताय, मी रोजचं सांगतोय. लोकल ठेवलं की तिथला माणूस खटका लोकलवर टाकणार आणि आपल्या मनाला येईल तसं करणार. मग मी हे लाखो रुपये कशाला घालवले?" यात तथ्य होतं. कितीतरी इमारतींत मी पाहिलंय, महागडी यंत्रणा बसवून सहा महिन्यांत सगळे खटके 'लोकल'वर जातात आणि तिथेच राहतात. पडदा शोभेला.

मी म्हणालो, खटका कुठल्या जागेवर आहे ते तुमच्या फोनवर दिसेल. त्याला आणखी एक संपर्क जोडून देतो. कुणी 'लोकल'वर टाकला की तुम्हाला त्या क्षणी कळेल, किती वाजता टाकला आणि किती वेळ ठेवला तेही. फोन करून विचारा. पण तुम्हाला तो तिथून फिरवता येणार नाही.

"म्हणजे मी विचारायचं?"

"हो. विचारायचं."

फोनवर बराच वेळ काही आलं नाही. मग ते म्हणाले की असं असेल तर दुसऱ्या कुणाकडून काम करून घेऊ. मी सांगितलं की घ्या, पण खटका काढलेल्या पॅनेलच्या ताबापत्रावर माझी सही असणार नाही. निम्मे पैसे यायचे होते. पोरांचे पगार द्यायचे होते. त्या रात्री शेंडीतल्या लॉजवर मला काही झोप लागली नाही. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला: पावसाळ्यापुरता ठेवा, मग बघू.

भंडारदऱ्याचा पावसाळा मुंबईत बसून कळत नाही. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. जिल्ह्याच्या पूर्वेला लोक आभाळाकडे बघत असतात तेव्हा इथे दहा पावलांवरचं झाड दिसत नाही. जुलैमध्ये एका रात्री वाऱ्याने झाड लाइनवर पडलं. वीज गेली. मोबाइलच्या टॉवरची बॅटरी काही तासांत संपली. तो गेला की आमचं सिम कार्डवर चालणारं यंत्र मुकं. मी त्या आठवड्यात उरलेल्या कामासाठी तिथेच होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. हॉटेलात नऊ पाहुणे होते, त्यात एक म्हाताऱ्या बाई. जनरेटर आपोआप सुरू झाला, ठरल्याप्रमाणे. पहाटे पंपघरात पाणी शिरायला लागलं.

मामांनी एक एक खटका 'लोकल'वर घेतला. गीझर, बागेतले दिवे, गच्चीवरची रोषणाई, सगळं बंद. डिझेल दोन दिवस पुरायला हवं होतं. पंपघरातलं पाणी उपसायचा पंप मात्र त्यांनी सुरू केला नाही. मी दाबायला निघालो तर हात आडवा धरला. "थांबा. वास येतोय." पॅनेलच्या खालच्या केबलच्या भोकातून ओल आत चढली होती. आम्ही पुरवठा तोडला, दार उघडलं, कोरड्या फडक्याने पुसलं, हॉटेलच्या खोलीतला केस वाळवायचा ड्रायर जनरेटरवर लावून दोन तास आतला भाग सुकवला. तोपर्यंत पाहुण्यांमधल्या दोन मुलांनी बादल्यांनी पाणी काढलं. मग मामांनी हिरवं बटण दाबलं.

मुंबईत मालकांच्या फोनवर या सगळ्या काळात एकच ओळ होती: शेवटचा निरोप, पहाटे 3.12. त्याखाली पंपाचा चौकोन 'तयार' असा. आमच्या नियमाप्रमाणे पंपघरात पाणी चढलं की तो पंप आपोआप सुरू व्हायला हवा होता, आणि खटका 'रिमोट'वर राहिला असता तर ओल्या पॅनेलमध्ये तो झालाही असता. पुढे काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. कदाचित फ्यूज उडाला असता आणि संपलं असतं. पण ती कदाचितची भाषा मी तिथे, गुडघाभर पाण्यात उभा राहून, वापरायला तयार नव्हतो.

2021 मध्ये जर्मनीतल्या एका कार्यालयाच्या इमारतीत याचंच दुसरं टोक लोकांनी पाहिलं. कुणीतरी बाहेरून घुसून त्या इमारतीच्या यंत्रणेतली शेकडो उपकरणं पुसून टाकली आणि पासवर्ड लावून बंद केली. दिव्यांचे खटके, माणूस आला की ओळखणारी यंत्रं, खिडक्यांचे पडदे, कशालाच उत्तर मिळेना. दिवे लावायला शेवटी मुख्य पॅनेलपाशी जाऊन ब्रेकर हाताने खालीवर करावे लागले. जगातल्या सर्वांत काटेकोर देशातली इमारत. तिथेही कामाला आला तो पॅनेलसमोर उभा असलेला माणूस.

मालक ऑगस्टमध्ये आले. मामांनी त्यांना पंपघर दाखवलं, भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ती रेघ दाखवली. खटक्याचा विषय कुणीच काढला नाही. माझे उरलेले पैसे पुढच्या आठवड्यात आले. आता त्यांच्या फोनवर 'लोकल' अशी ओळ उमटली की ते मामांना फोन करतात. सुरुवातीला जाब विचारायला करायचे. हल्ली, मामा सांगतात, आधी पाऊस किती झाला ते विचारतात.

मला कुणी विचारलं तर मी आजही लांबून चालवण्याच्या बाजूचा आहे. त्या हॉटेलचं बिल खरोखर कमी झालं. रिकाम्या खोलीतला गीझर तापत नाही, डिझेलचा हिशेब लागतो, आणि मामांना रात्री अकराला टाकी भरली का बघायला टॉर्च घेऊन उतार उतरावा लागत नाही. त्या शाळेतल्या शिपायासारखी त्यांची फेरी वाचली. पण माझ्या कोटेशनमध्ये आता त्या खटक्याची वेगळी ओळ असते. रक्कम किरकोळ असते. ती ओळ कुणी खोडायला सांगितली की मी विचारतो, या यंत्रापाशी तुमचा कोण माणूस असतो? बऱ्याच जणांना उत्तर देता येत नाही, आणि मग आमचं बोलणं खऱ्या अर्थाने सुरू होतं.

यंदा मे संपता संपता मामांचा फोन आला. काजवे सुरू झाले होते. पावसाच्या तोंडावर दोनतीन आठवडे इथल्या हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे लाखांनी उतरतात आणि झाडच्या झाड एका लयीत पेटतं-विझतं. ते लुकलुकणं म्हणजे नरमादीची एकमेकांना हाक. जवळ मोठा दिवा असला की ती ऐकू जात नाही. मालकांनी मुंबईतून बागेतले दिवे साडेसातलाच विझतील असं लावून दिलं होतं. पण गच्चीवर फोटो काढणारे पाहुणे मॅनेजरच्या मागे लागत, मॅनेजर मालकांना फोन करी, आणि दहा मिनिटांसाठी म्हणून दिवे पुन्हा लागत.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"मधी घातला," मामा म्हणाले.

खटका त्यांनी 'ऑफ'वर घेतला होता. तिथे लांबचाही हुकूम चालत नाही आणि जवळचाही. वर कुलूप लावलं होतं, आणि कुलपाला सुतळीने पुठ्ठ्याचा एक तुकडा अडकवला होता. त्याचा फोटो त्यांनी नंतर नातवाकडून मला पाठवला. पंखा दुरुस्त करताना लावतात तशीच चिठ्ठी, खडूने लिहिलेली: 'काजवे हायेत. लावू नये.'